घर विका, जमीन विकू नका

गिरणगावच्या जमिनीचा निकाल कोर्टात लागला २००६ साली. खरा निकाल त्याआधी पाच वर्षं, नियमावलीतल्या एका दुरुस्तीने लागून गेला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम सांगत होता की बंद गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करा. एक महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी जमिनीची न राहता 'मोकळ्या' जमिनीची झाली. ज्याने गिरणी आतून पाहिली आहे त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. खाती, गोदामं, बॉयलर, चिमणी, कचेरी यांनीच आवार भरलेलं असायचं. मोकळं म्हणजे फाटकापासून खात्यापर्यंतचा रस्ता आणि कुंपणाकडची पट्टी. वाटे पडायचे ते आता एवढ्याचेच. खाती पाडल्यावर जी जमीन रिकामी होईल ती वाटणीत धरायची नाही.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने या दुरुस्तीविरुद्ध दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचं म्हणणं मान्य केलं, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करावा म्हणून १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली गेली होती. तिचं काम कागदावरच राहिलं. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मधोमध, कामाच्या ठिकाणांना लागून, सुमारे ६०० एकर जमीन एकाच काळात हाताशी येण्याचा योग मुंबईच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही.

खासगी गिरणीमालकांनी आपला फायदा पाहिला, हे समजू शकतं. मला सलतं ते दुसरंच. मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्या होत्या. काही १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात आल्या, तर १३ गिरण्यांचा कारभार १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर, १९८३ साली सरकारने हाती घेतला. या जमिनींचा मालक कुणी शेठ नव्हता. तरीही त्यांतल्या काहींचं पुढे तेच झालं जे शेठच्या जमिनीचं झालं. २००५ साली लोअर परळच्या मुंबई टेक्सटाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन डीएलएफ या बांधकाम कंपनीने ७०२ कोटींना घेतली. २०१२ साली तीच जमीन लोढा या बिल्डरने त्यांच्याकडून सुमारे २,७०० कोटींना घेतली. सात वर्षांत जवळजवळ चौपट. भाव वाढला तो भोवतालचं शहर वाढलं म्हणून, आणि शहर वाढवायला रस्ते, पूल, पाणी सगळं सार्वजनिक पैशाने आलं होतं. मुद्रांक शुल्क सोडलं तर या वाढीतला वाटा मूळ मालकाकडे, म्हणजे तुमच्याआमच्याकडे, परत यावा अशी सोय सरळ विक्रीत असतच नाही.

महामंडळाची बाजूही सांगितली पाहिजे. कामगारांची स्वेच्छानिवृत्तीची देणी द्यायची होती, देशात इतरत्र चालू शकतील अशा गिरण्यांना भांडवल हवं होतं, आणि विकण्यासारखं हातात होतं ते मुंबईच्या जमिनीचंच मोल. ही गरज खोटी नव्हती. पण एका वर्षाची देणी भागवायला पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव मोडायची, हा एकच मार्ग होता असं नाही. दादरच्या इंदू मिलकडे बघा. तीही याच महामंडळाची. लोकांनी रेटून धरलं, आणि तिची सुमारे १२ एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली. सरकारी जमीन लिलावाशिवाय दुसऱ्या कामी लावता येते, ती लावायला मात्र लोकांनी मालकासारखं बोलावं लागतं.

आता घरांचा हिशेब. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे घरासाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. २०१२ पासूनच्या सोडतींमधली घरं सगळी मिळून १५,८७०. माझे मामा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. अर्ज त्यांनीही भरला. सोडतीत नाव आलं नाही, आणि ते पाटण तालुक्यातल्या गावी परतले. गेल्या गणपतीत भेटले तेव्हा अर्जाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, फळीवरच्या डब्यात ठेवलेली त्यांनी मला दाखवली. राहिलेल्या कामगारांना आता शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली आहेत, बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. ९ जुलै २०२५ ला कामगार आझाद मैदानात जमले ते याच मुद्द्यावर. आम्हाला मुंबईतच घर द्या, ही त्यांची मागणी हट्टाची आहे असं मला वाटत नाही. मुंबईत जमीन नाही असं त्यांना सांगितलं जातं, आणि ज्या जमिनीवर त्यांनी तीस-तीस वर्षं काम केलं तिथे टॉवर उभे आहेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग उपाय सरळ आहे: सरकारी जमीन बिल्डरला विकू नका, तिच्यावर सामान्यांसाठी घरं बांधा आणि त्यांना विका. हे बरोबर आहे, पण अर्धंच. आपल्याकडे सरकारी जमिनीवर घरं बांधून विकण्याचं काम होतंच. म्हाडा ते १९७७ पासून करते, त्याआधी गृहनिर्माण मंडळ करत होतं, नवी मुंबईत सिडको करते. तरी परवडणाऱ्या घरांचा साठा वाढल्यासारखा दिसत नाही, कारण या भांड्याला दोन भोकं आहेत. एक वर, भरण्याच्या वेळी. एक तळाला.

वरचं भोक म्हणजे जमिनीची किंमत घराच्या किमतीत घालणं. १४ ऑगस्ट २०२३ ला मुंबईत म्हाडाची ४,०८२ घरांची सोडत निघाली, अर्ज सव्वा लाखाच्या आसपास. त्यात गोरेगावच्या पहाडीतलं अत्यल्प उत्पन्न गटाचं घर ३० लाख ४४ हजारांचं होतं. केंद्राचं दीड आणि राज्याचं एक असं अडीच लाखांचं अनुदान वजा केलं, तीन लाख पदरचे घातले, तरी कर्ज उरतं २५ लाख. नऊ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिन्याचा हप्ता होतो साडेबावीस हजार. पंतप्रधान आवास योजनेत या गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला तीन लाख होती, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. हप्ता भरून कुटुंबाच्या हातात राहणार अडीच हजार रुपये. मग मुंबई महानगर प्रदेशासाठी ही मर्यादा सहा लाखांवर नेली गेली. ज्याचा पगार पन्नास हजारांपर्यंत आहे त्याला या शहरात घराची गरज नाही असं मी म्हणणार नाही, त्यालाही आहेच. पण जे घडलं ते नीट पाहिलं पाहिजे. घराची किंमत गरिबापर्यंत उतरली नाही, गरिबाची व्याख्या किमतीपर्यंत चढवावी लागली.

उंच इमारतीचा बांधकाम खर्च चौरस फुटाला साडेतीन हजार धरा आणि सव्वातीनशे चौरस फूट चटईक्षेत्राचं घर म्हणजे जिना-लिफ्टसकट साडेचारशे चौरस फूट बांधकाम धरा. घर पंधरा-सोळा लाखांत उभं राहतं. यात व्यवस्थापन, व्याज, बाहेरचे रस्ते-गटारं घातली तरी मधे मोठी फट उरते. ती कशाने भरली जाते? जमिनीच्या भावाने, आणि वरच्या गटातल्या घरांतून खालच्या गटाचा तोटा भरून काढायच्या गणिताने. म्हाडासारख्या संस्थेला सरकारकडून नेमाने पैसा येत नाही, तिने स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं, म्हणून हे गणित जुळवलं जातं, हे मी जाणतो. पण जमीन जर आपलीच आहे आणि ती कधीकाळी नाममात्र दरात आली आहे, तर आज तिचा बाजारभाव विकत घेणाऱ्या कारकुनाच्या हप्त्यात का यावा?

नवी मुंबईत हा प्रश्न आणखी टोचतो. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन शहरासाठी ठरली, आणि शेतकऱ्याला देऊ केलेला भाव इतका तोकडा होता की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण परिसरात गोळीबारात पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्याच शहरात जानेवारी २०२५ मध्ये सिडकोने आपल्या घरांच्या किमती जाहीर केल्या तेव्हा वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळचं अल्प उत्पन्न गटाचं घर सत्तर लाखांच्या वर होतं. ज्या जमिनीचा भाव शेतकऱ्याला दिला गेला नाही तो आता घर घेणाऱ्याकडून घेतला जातो आहे. दोन्ही टोकांना सामान्य माणूसच उभा आहे.

दुसरं भोक तळाचं, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही, कारण बोललं की आपल्याच माणसांना टोचतं. सोडतीतलं घर पाच वर्षांनी विकता येतं, खुल्या बाजारात, मिळेल त्या भावाला. विकणाऱ्याचा मी दोष मानत नाही. सत्तरीतल्या कामगाराला साडेसात किंवा साडेनऊ लाखांत परळ-लालबागला घर मिळालं, मुलं डोंबिवलीला स्थायिक, गावचं घर पडायला आलेलं, आणि समोर कुणी कोटभर रुपये मोजायला तयार असेल, तर त्याने काय करावं? तो विकतो. त्या घराबरोबर सार्वजनिक जमिनीचा तेवढा तुकडाही जातो, आणि पुढच्या पावणेदोन लाखांसाठी सरकार परत नवी जमीन शोधायला निघतं. ती सापडते शेलूला.

मी वाढलो विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. गृहनिर्माण मंडळाची वसाहत, चार मजली इमारती, एक खोली आणि स्वयंपाकघर, खाली क्रिकेट. वडील कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पगारात ते घर बसत होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. आज तिथल्या जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जाताहेत आणि त्यांच्या जागी टॉवर येताहेत. रहिवाशांना मोठं घर मिळतं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या आईने गुडघे दुखत असताना चार जिने चढून काढलेली वर्षं मी पाहिली आहेत. पण प्रत्येक पुनर्विकासात जुन्यांना देऊन जे जादा बांधकाम उरतं, त्याचं काय होतं ते विचारा. विक्रीची घरं बाजारभावाने जातात. आणि म्हाडाने आपला हिस्सा बांधलेल्या घरांच्या रूपात घ्यायचा की रोख अधिमूल्य (प्रीमियम) घेऊन मोकळं व्हायचं, यावर धोरण वर्षानुवर्षं हेलकावे खात राहिलं आहे. जिथे अधिमूल्य घेतलं तिथे माझ्या वडिलांसारख्या फिटरसाठी पुढचं घर तयार झालं नाही. एका पिढीला वसाहतीने जे दिलं ते दुसऱ्या पिढीला देण्याची क्षमता त्या जमिनीत होती, आणि ती रोखीत मोजून संपवली.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत असं: सरकारी जमिनीवरचं घर विका, पण जमीन विकू नका. जमीन कायम सार्वजनिक मालकीची, घरधारकाकडे लांब मुदतीचा, नूतनीकरणाचा हक्क असलेला भाडेपट्टा. विकताना घराच्या किमतीत फक्त बांधकाम आणि सोयींचा खर्च. आणि पुढे घर विकायचं झालं तर ते ठरलेल्या सूत्राने काढलेल्या किमतीला, प्रतीक्षायादीतल्या पुढच्या पात्र कुटुंबालाच.

हे कुणी परदेशातून आणलेलं खूळ नाही. आपल्या महसूल कायद्यात ही चौकट जुनीच आहे. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गृहनिर्माण संस्था 'कलेक्टर लँड'वर उभ्या आहेत. शिक्षक, सरकारी नोकर, मागासवर्गीय, कामगार अशांच्या संस्थांना सरकारने सवलतीच्या दरात जमीन दिली, भोगवटादार वर्ग २ म्हणून (म्हणजे अटी घातलेल्या ताब्याने) किंवा भाडेपट्ट्याने. अट अशी की सभासद कोण हे जिल्हाधिकारी पाहणार, आणि घर हस्तांतरित करायचं तर त्यांची परवानगी आणि वाढलेल्या मोलातला हिस्सा सरकारला. म्हणजे तत्त्व मान्य होतं: जमिनीची वाढ सगळ्यांच्या कष्टाची, तेव्हा तिच्यातला वाटाही सगळ्यांचा. अंमल मात्र असा झाला की परवानगीसाठी हेलपाटे, दंड, अडलेले पुनर्विकास, आणि रहिवासी मेटाकुटीला आले. त्यांचं गाऱ्हाणं खरंच होतं. पण सरकारने उत्तर काय दिलं? २०१९ च्या नियमांनी अधिमूल्य भरा आणि जमीन वर्ग १ करून घ्या, म्हणजे अटींमधून कायमचे मोकळे व्हा. खिडकीवरची रांग लांब होती म्हणून खिडकी सुधारायची, तर दुकानच विकून टाकलं.

भाडेपट्ट्याच्या जमिनीवर कोण पैसे घालणार, अशी शंका काढणाऱ्यांनी वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन यावं. तिथे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जमीन विकत नाही, ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. २०१९ साली जपानच्या सुमितोमो समूहाने तीन एकरांसाठी २,२३८ कोटी मोजले. मोठ्या कंपन्यांना जो भाडेपट्टा भक्कम वाटतो तो परळच्या कुटुंबाला आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेला भक्कम वाटायला हरकत नसावी.

सूत्र कसं असावं, याचा विचार मी बराच केला आहे, कारण योजना तरते किंवा बुडते ती इथेच. सूत्र फार कडक केलं, म्हणजे भरले तेवढेच पैसे परत म्हटलं, तर व्यवहार कागदाबाहेर होणार. सोडतीच्या आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांत विक्रीबंदीच्या काळातसुद्धा मुखत्यारपत्रावर घरं फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दाबलेली किंमत आणि बाजाराची किंमत यांत जेवढी दरी, तेवढी पागडी. म्हणून विकणाऱ्याला मूळ किंमत महागाईनिर्देशांकाने वाढवून द्यावी, घरात केलेल्या पक्क्या सुधारणांचे पैसे द्यावेत, आणि वाढलेल्या मोलातलाही काही भाग द्यावा. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला १९८४ पासून असा एक न्यास चालतो. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं. विकताना कुटुंबाला आपले पैसे आणि वाढीचा चौथा हिस्सा मिळतो, बाकी तीन हिस्से घरातच राहतात, म्हणजे पुढच्या कुटुंबाला ते घर तेवढं स्वस्त पडतं. आपल्याकडे चौथा हिस्सा असावा की तिसरा, यावर वाद घालू. पण या सूत्राचं मर्म त्या 'घरातच राहतात' मध्ये आहे. एकदा दिलेली सवलत एका कुटुंबाबरोबर निघून जात नाही.

सिंगापूरचं नाव आपले नेते वारंवार घेतात, म्हणून तिथली पुढची गोष्टही सांगतो. १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घरं विकली, आज देशातली पाचपैकी जवळजवळ चार माणसं त्या घरांत राहतात. जमीन सरकारची राहिली, हे त्यांनी पक्कं धरलं. पण पाच वर्षांनंतर खुल्या बाजारात विक्रीची मुभा त्यांनीही ठेवली होती, आणि मोक्याच्या जागची घरं दहा-दहा लाख डॉलरांना जायला लागली. मग २०२१ साली त्यांनी अशा जागांसाठी नियम बदलले: विक्रीबंदी दहा वर्षांची, विकताना सवलतीचा भाग सरकारला परत, आणि पुढच्या खरेदीदारालाही उत्पन्नाची मर्यादा. तळाचं भोक त्यांना साठ वर्षांनी दिसलं. आपल्याला ते आत्ताच दिसतं आहे.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि तो मांडणारी माणसं माझ्या जवळची आहेत. श्रीमंताने घेतलेल्या घराची किंमत दसपट झाली तर ती त्याची कमाई, आणि कामगाराच्या घराची वाढली तर ती म्हणे समाजाची. मालमत्तेची वाढ गरिबालाच का नाकारायची? याला माझं उत्तर असं की नाकारायची नाही, बांधकामाच्या किमतीत घर मिळणं हीच त्याची पहिली मोठी कमाई. महिन्याला पंधरा हजार भाड्यात घालवणारं कुटुंब तेच पैसे हप्त्यात भरून वीस वर्षांनी स्वतःच्या भिंतींमध्ये असेल, आणि गेलं तर भरलेलं सगळं वाढीसकट घेऊन जाईल. फक्त वरळीत आचार्य अत्रे चौकाखाली मेट्रो आली म्हणून जो भाव चढला, तो पूर्ण एका कुटुंबाचा नाही. आणि खासगी जमिनीच्या वाढीवर कर बसावा, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मी उभा राहीन.

मग विकायचंच कशाला, भाड्याने द्या, असंही म्हटलं जातं. ज्यांचं उत्पन्न हप्त्याला पुरतच नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक भाड्याची घरं लागतीलच, ती वेगळी योजना. पण भाड्याच्या सरकारी घरांची आपली कहाणी ब्रिटिश काळातल्या बीडीडी चाळींच्या भिंतींवर लिहिलेली आहे: १६० चौरस फुटांची खोली, नाममात्र भाडं, आणि शंभर वर्षांत मोडकळीला आलेलं बांधकाम. घर आपलं असलं की माणूस गच्चीच्या गळतीसाठी सोसायटीच्या सभेत भांडतो. ते भांडण मला मोलाचं वाटतं.

आणि कष्टकरी माणूस घर विकत घेऊ शकतो, याला पुरावा हवा असेल तर सोलापूरला जा. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरं गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या सहकारी संस्थेने उभी केली. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी मिळून वाटा उचलला, २००६ साली घरं ताब्यात आली. त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली, पंधरा हजारांवर घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी या घरांसाठी किती वर्षं घालवली ते सोलापूरकरांना माहीत आहे. हजार विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीवर घर घेता आलं, कारण जमीन शहराच्या भावाची नव्हती, माळाच्या भावाची होती. मुंबईत माळ नाही. मुंबईत जमिनीचा भाव घराबाहेर ठेवण्याची ताकद फक्त सरकारी जमिनीत आहे.

पण प्रत्येक रिकामा तुकडा 'अतिरिक्त' नसतो, हेही तेवढ्याच जोराने सांगायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्याला पसरायला जागा किती लागते हे त्या दिवशी कळलं, आणि मुलुंड-भांडुप-कांजूरची मिठागरं ही तशी जागा आहे. धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी त्यांतली सुमारे २५६ एकर देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. गरिबांचं घर आणि शहराचं पाणी यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं मला मान्य नाही, विशेषतः आधी ६०० एकर कोरडी, रेल्वेला लागून असलेली जमीन हातची घालवल्यानंतर. कुठली जमीन अतिरिक्त हे ज्याला ती विकायची आहे त्या खात्याने ठरवू नये. आधी प्रत्येक सरकारी भूखंडाची यादी लोकांपुढे यावी, खात्याचं नाव, क्षेत्र, आजचा वापर, पूररेषा, जवळचं स्टेशन. मग वॉर्डात सुनावणी व्हावी, आणि ज्याला मैदान हवं आहे त्याचंही ऐकलं जावं. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात दहा लाख परवडणाऱ्या घरांचं उद्दिष्ट लिहिलं आहे. अशी यादी असल्याशिवाय त्या आकड्याला जमिनीवर टेकायला जागा नाही.

आता पाळी पूर्व किनाऱ्याची आहे. मुंबई बंदर प्राधिकरणाकडे कुलाब्यापासून शिवडी-वडाळ्यापर्यंत सुमारे ७५० हेक्टर जमीन आहे, गिरण्यांच्या जमिनीच्या तिप्पट. ती केंद्राची आहे. तिच्यावर आज गोदामं आहेत, जुने भाडेकरू आहेत, झोपड्या आहेत, शिवडीच्या बीडीडी चाळी आहेत, आणि फ्लेमिंगोंची खाडी शेजारी आहे. तिच्यातली बरीचशी कधी ना कधी दुसऱ्या वापराला खुली होईल. पहिली निविदा निघण्याआधी तीन गोष्टी भाडेपट्ट्याच्या मसुद्यात लिहून घेतल्या पाहिजेत: जमीन कधीही मालकीहक्काने विकली जाणार नाही, घरांसाठी राखलेल्या भागात जमिनीची किंमत शून्य धरली जाईल, आणि फेरविक्री यादीतल्या पुढच्या कुटुंबालाच होईल. मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर होतो तेव्हा मुदत थोडी असते आणि भाषा किचकट. तो वाचायला या वेळी आपण वेळेवर पोचलं पाहिजे, आणि त्यात 'जमीन' या शब्दाआधी कुठलं विशेषण बसवलं आहे तेही बघितलं पाहिजे.